वास शेजारचा आहे

"नाही जी, आमची पोरगी तं अंडंही खात नाही."

आई हे फोनवर सांगत होती, स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी राहून, माझ्याकडे बघत. मी तिच्या समोरच, मागच्या आंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली पाटावर बसून कोंबडीच्या तंगड्यांना दही चोळत होते. माझे हात मनगटापर्यंत हळद-तिखटाने माखले होते. आईने डोळे मोठे करून खूण केली, आवाज करू नको. मी एरवीही करत नाही. माझ्याबद्दल आमच्या घरात सगळ्यांचं एकमत असलेली ती एकच गोष्ट आहे.

"एकदम शांत आहे जी," आई पुढे म्हणाली. "कॉन्व्हेंटची आहे, पण वळण आपलंच."

आमच्या भंडाऱ्यात इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग ती कोणी का काढलेली असेना. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये नन वगैरे कोणी नव्हती. संस्थापकांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता आणि मराठी बोललं तर बाकावर उभं करायची पद्धत होती. म्हणून मी शाळेत बोलत नसे. घरी चुकून एखादा इंग्रजी शब्द तोंडातून गेला की आत्या म्हणायची, "आल्या मॅडम!" म्हणून मी घरीही बोलत नसे. हे असं बरीच वर्षं नेमाने केल्यावर जे तयार होतं, त्याला लोक वळण म्हणतात.

फोनवर तुमसरच्या बाई होत्या. त्यांचा मुलगा चिखल्याला खाणीच्या ऑफिसात नोकरीला, घरचा व्यवसाय धानाचा. स्थळ आत्याने आणलं होतं. आत्या म्हणजे बाबांची बहीण, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. त्या घराबद्दल तिने सांगितलेली सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की मुलाच्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि त्यांच्या घरात कोणी 'खात' नाही. आमच्याकडे 'खाणे' या क्रियापदाला कर्म लागत नाही. "तुम्ही खाता का?" असं विचारलं, की ते भाजी-पोळीबद्दल नसतं, एवढं लहान मुलालाही कळतं. आत्याने त्यांना लगेच सांगून टाकलं, की आमच्याकडेही कोणी खात नाही. हे सांगणारी आत्या म्हणजे नळीचं हाड ताटावर आपटून आपटून त्यातला मगज काढणारी बाई. तिच्या ताटाला त्यामुळे पोचे आले आहेत.

तर अशा रीतीने एका फोनवर आमचं अख्खं घर शुद्ध झालं. बाबांना कोणी विचारलं नाही, कोंबडीला तर नाहीच नाही.

तसं बघितलं तर आम्ही शाकाहारी आहोतच. म्हणजे स्वयंपाकघरात. आमचं स्वयंपाकघर इतकं पवित्र आहे की तिथे 'चिकन' हा शब्दही उच्चारत नाहीत, "मागचं झालं का?" असं विचारतात. मागचं म्हणजे मागच्या आंगणातलं. तिथे एका बर्नरची जुनी शेगडी आहे, रस्सा शिजवायचा एक गंज, एक बिडाचा तवा, पलटवायला एक सराटा आणि पाच-सहा जर्मनच्या थाळ्या. हे सगळं एका गोणीत भरून शेडच्या खांबाला टांगलेलं असतं आणि त्यातलं काही उंबरठा ओलांडून आत येत नाही. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवता येत नाही, कारण फ्रिज आत आहे. म्हणून आमच्याकडे रस्सा कधी उरतच नाही. आई सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, श्रावण आणि नवरात्र सोडून उरलेल्या दिवसांत कधीतरी "नुसता रस्सा" घेते. त्या नुसत्या रश्शात दोन-तीन फोडी निघतात. त्या तिने घेतलेल्या नसतात, त्या आलेल्या असतात.

करायचं बाबांनी. कापडाच्या दुकानात आठवडाभर लोकांना साड्या उलगडून दाखवणारे बाबा रविवारी बनियनवर शेडखाली बसतात आणि कांदा भाजतात. आमच्याकडच्या बहुतेक घरांत मागचं काम पुरुषांचंच. आणि ज्याने केलं त्यानेच वाढायचं, त्यामुळे वाटणीही पुरुषांचीच. कोंबडीला देवाने दोनच पाय दिले, हा आमच्या घरातला एक मोठा अन्याय आहे. एक लेग पीस बाबांचा, एक दादाचा. दादा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा मला वाटलं, आता जागा रिकामी झाली. तर नाही. त्या रविवारी त्याचा लेग पीस आत्याच्या जावयाला गेला. पुढच्या रविवारी दुकानातल्या हिशेबनीसकाकांना. मग एकदा गॅस सिलिंडर आणून देणाऱ्या माणसाला, कारण तो नेमका जेवायच्या वेळी आला होता आणि पुरुष होता. मला लहानपणापासून मानेचा तुकडा मिळायचा. "मान खाल्ली तं आवाज गोड होते," असं आत्या सांगायची. माझा आवाज कसा आहे हे कोणी ऐकलेलं नसल्यामुळे त्याचा काय परिणाम झाला ते सांगता येत नाही.

मग मला नोकरी लागली. घरी बसून लॅपटॉपवर करायची असली तरी नोकरीच. आणि बाजारातल्या चिकनच्या दुकानात नुसते लेग पीस मिळायला लागले. अख्खी कोंबडी घ्यायची गरज नाही, हव्या तेवढ्या तंगड्या सांगायच्या आणि घेऊन यायच्या. ही केवढी मोठी क्रांती आहे हे माझ्याशिवाय आमच्या घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. मी ओढणीने तोंड बांधून गेले आणि चार आणल्या. बाबा बघतच राहिले. "चारही पायच?" त्यांनी विचारलं. त्यांना बहुधा वाटलं, चार पायांची कोंबडी सापडली.

करायचे कसे ते मी व्हिडिओवरून शिकले. इंग्रजी व्हिडिओ, कारण शिक्षणाचा कुठेतरी उपयोग व्हायला हवा. त्यातली बाई पहिल्यांदा म्हणते, 'स्किन साइड डाउन' ठेवा. आमच्या दुकानातला माणूस पिसांबरोबर कातडीही काढून देतो, त्यामुळे माझ्या तंगडीला कुठली बाजू डाउन ठेवायची हा प्रश्नच नव्हता. मग ती म्हणते, पेपर टॉवेलने कोरडं करा. मी जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने केलं. शेवटी ती म्हणते, आता हे ओव्हनमध्ये सरकवा. इथे मी व्हिडिओ बंद केला.

दोनदा कच्चे राहिले. वरून छान तांबूस आणि हाडाशी गुलाबी. बाबांनी ते काही न बोलता रश्शात टाकून शिजवले. पण नंतर जमलं. सुरीने हाडापर्यंत चिरा द्यायच्या, नुसत्या वरवर नाही. दही, अद्रक-लसूण, तिखट, हळद, मीठ आणि लिंबू त्या चिरांमध्ये बोटाने भरायचं आणि तास-दीड तास ठेवायचं. तव्यावर ठेवायच्या आधी तांदळाच्या कोरड्या पिठात हलकेच घोळवायचं. पीठ आपल्याकडचं असावं, पाकिटातलं नको, तेवढा जिल्ह्याचा अभिमान मला आहे. तेल बेताचं. झाकण ठेवून मंद आचेवर एक बाजू, मग पलटवून दुसरी, आणि शेवटी झाकण काढून आच मोठी करायची, की कड कुरकुरीत होते. सगळा खेळ पलटवण्याच्या वेळेचा. लवकर पलटवलं तर पीठ तव्याला चिकटून राहतं, उशीर झाला तर काळं पडतं. मधला जो थोडा वेळ असतो तो वासावरून कळतो. दह्याचा आंबूस वास संपतो आणि भाजलेल्या तांदळासारखा वास यायला लागतो, तेव्हा सराटा उचलायचा.

बाबांनी पहिल्यांदा नीट जमलेला तुकडा खाल्ला तेव्हा ते म्हणाले, "मीठ बरोबर आहे." आमच्याकडे यापेक्षा मोठं कौतुक करत नाहीत. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार माझा झाला. त्या दिवशी चारही तंगड्या मी वाढते. बाबांना एक, आईच्या ताटात एक आपोआप येते, आणि उरलेल्या दोन मी खाते. दोन्ही.

तो रविवार माझा होता.

फोन ठेवून आई शेडजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ऐकलं ना? विचारलं तं तसंच सांगायचं."

"पण मी खाते ना," मी म्हटलं. हे मी मनात म्हटलं. तोंडाने मी "हं" म्हटलं.

मला लग्नाचं तसं काही वाईट वाटत नव्हतं. फोटोतला मुलगा बरा होता. फोटोग्राफरने सांगितलं म्हणून हसतोय हे कळत होतं, म्हणजे प्रामाणिक असावा. भीती वेगळीच होती. माझी एक मावसबहीण अशीच 'न खाणारी' म्हणून गोंदियाला दिली. ती माहेरी यायला निघाली, की एसटीतून उतरून आधी आमच्याकडे येते. तिच्या माहेराशेजारीच तिच्या सासूची बहीण राहते, म्हणून. आमच्या शेडखाली उभ्या उभ्या खाते, खांबाला टेकून, बॅगही खाली न ठेवता. मग साबणाने तीनदा हात धुते, बडीशेप चावते, पदराचा वास घेऊन बघते आणि मग माहेरी जाते. दोन मुलांची आई आहे ती. एकदा मी तिला विचारलं होतं, सांगत का नाहीस? ती म्हणाली, "आता कसं सांगू? पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं." आणि हाड कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं, कारण आमच्या कचऱ्याच्या डब्यावरही तिचा भरवसा नव्हता.

तर माझ्या जागी एक अंडंही न खाणारी मुलगी तयार झाली होती, आणि तिचं ठरलं की मला जन्मभर तिच्या मागे मागे तुमसरला राहावं लागणार होतं. पहिला दिवस कधी येतो एवढंच बघायचं होतं.

तो तास-दीड तासातच आला. मी तवा तापवून चारही तंगड्या ठेवल्या, झाकण घातलं, आच मंद केली, आणि आईचा फोन पुन्हा वाजला. पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण आईचा चेहरा दिसला.

"भंडाऱ्यातच आहा? हो का जी? या ना, या ना! नाही नाही, कायचा त्रास!"

भाचीच्या लग्नात द्यायला पाण्याचा पितळेचा गुंड घ्यायचा म्हणून मायलेक भंडाऱ्याला आले होते. आलोच आहो तर मुलगी बघूनच जाऊ, असं त्यांचं म्हणणं. "निघालो," असं त्या म्हणाल्या. आमच्याकडे 'निघालो' म्हणजे अजून आंघोळ व्हायची आहे. पण या बाई खरंच निघाल्या होत्या. एवढा सत्यवादीपणा आम्हाला झेपण्यासारखा नव्हता.

"बंद कर ते!" आई म्हणाली. "चाल, हात धू, साडी नेस. अजी, ऐकून राहिले का? बनियन बदला! आत्याले फोन करा!"

मी उठले, पण गॅस बंद केला नाही. घाईत विसरले असं नाही. अर्ध्यात गॅस बंद केला तर पीठ तेल पितं आणि तंगडी ओली पडते, पुन्हा तापवली तरी तिच्यात जीव येत नाही. पाहुणे पोहे खातील, मला बघतील, जातील, आणि मी येऊन पलटवीन, असा माझा हिशेब होता. आईला वाटलं मी बंद केला. मी काही बोलले नाही, म्हणजे माझं जे वळण आहे त्याप्रमाणेच वागले.

आईने माझे हात आधी लिंबाने, मग कपड्यांच्या पावडरीने घासले. तिखट गेलं, हळद गेली नाही. नखं तशीच पिवळी. तेवढ्यात आत्या मागच्या दाराने धापा टाकत आली आणि शेडकडे बघून म्हणाली, "अगं माय! आजच?" म्हणजे हा मुहूर्त मी पंचांग बघून काढला होता.

आमची बैठक घराच्या अगदी पुढे आहे. जिथे आजोबांचा कापड विणायचा माग होता, तो खड्डा बुजवून वर टाइल्स लावल्या आणि सोफा ठेवला. तिथून मागच्या आंगणापर्यंत सरळ बोळ आहे. पुढचं दार उघडलं की मागची हवा थेट पुढे येते. उन्हाळ्यात याचं सगळे कौतुक करतात.

मुलाची आई ठेंगणी, गोल चेहऱ्याची, गळ्यात माळ. कागदात गुंडाळलेला गुंड पायाशी धरून बसल्या होत्या, कोणी नेईल की काय अशा. मुलगा तिच्या शेजारी. मुलाचे बाबा राइस मिलवर, हंगामाचे दिवस. मी पोहे ठेवले आणि समोरच्या खुर्चीवर बसले. मग माझी मुलाखत झाली, म्हणजे प्रश्न मला आणि उत्तरं इतरांनी.

"काय करता बेटा तुम्ही?"

"कॉम्प्युटरचं करते जी, घरीच राहून," आई म्हणाली.

"सैपाक येते?"

"सगळा येते," आत्या म्हणाली. "पुरणपोळी अशी करते, का फुटत नाही."

मी आयुष्यात पुरणपोळी केलेली नाही. त्यामुळे ती फुटली नाही हे खरंच होतं.

"स्वभावानं?"

"गाय आहे जी, गाय."

मुलाच्या आईने माझ्या हातांकडे बघितलं. "बोटं पिवळी दिसून राहिली बेटाची?"

आई थबकली. आत्या थबकत नाही. "रोज देवाले हळद-कुंकू तीच वाहते जी. ऐकतच नाही."

देव माझ्या शेजारच्या भिंतीवर कॅलेंडरमध्ये होता. त्याने खाली बघितल्यासारखं मला वाटलं.

"आमचं काही मागणं नाही जी," बाई पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाल्या. "देणं-घेणं काही नाही. एकच गोष्ट आहे, घरात खाणारी नको. माळ आहे माझी."

"अजी, अंडंही नाही!" आई पुन्हा म्हणाली. या वेळी तिने माझ्याकडे बघितलं नाही.

आणि नेमका तेव्हाच बोळातून पहिला वास आला. लसणाचा आणि दह्याचा, मऊसा. बाबांना तो सगळ्यात आधी कळला. त्यांनी पोह्यांचा घास तोंडाशी नेला होता, तो तिथेच थांबला. मग ते उठले आणि पंखा लावला. थंडीचे दिवस होते, कोणी पंखा लावत नव्हतं. पंख्याने मागची हवा जास्तच जोरात पुढे ओढली.

"काही तळून राहिले वाटते?" बाईंनी विचारलं.

"बाजूचे," आई म्हणाली. "त्याहीचं रोजचंच आहे जी. आम्हाले तं बसणं मुश्कील होते."

आमच्या बाजूला एक रिटायर्ड गुरुजी आणि त्यांची बायको राहतात. ते कांदासुद्धा खात नाहीत. गुरुजींची बायको आईच्या हळदीकुंकवाला येते तेव्हा आमच्या पेल्यात पाणी प्यायच्या आधी पेला एकदा उजेडात धरून बघते.

"पण बाजूले तं कुलूप दिसलं," मुलगा म्हणाला. त्याचं हे पहिलंच वाक्य. आवाज चांगला होता.

"त्या बाजूचे नाही बाबू," आत्या म्हणाली. "या बाजूचे."

या बाजूला रिकामा प्लॉट आहे. त्यात बेशरमाची झाडं आणि कोणीतरी टाकलेला एक फुटका कमोड आहे. मुलाने खिडकीकडे बघितलं. खिडकीतून झाडं दिसत होती. त्याने मान हलवली, जणू काही त्या झाडांत कोणी स्वयंपाक करत असेल तर त्याची हरकत नाही.

"आमच्या खाणीच्या कॉलनीतही रविवारी असाच वास येते," तो म्हणाला. "एकदम असाच."

आईने त्याच्याकडे वळून बघितलं. त्याच्या आईने.

"बाजूच्या क्वार्टरमधून," तो घाईने म्हणाला आणि पोह्यातले शेंगदाणे वेगळे करायला लागला.

आता वास बदलला होता. दह्याचा आंबूसपणा गेला होता आणि भाजलेल्या तांदळाचा वास यायला लागला होता. हीच वेळ. माझा उजवा हात मांडीवर आपोआप हलला, सराटा धरल्यासारखा. मी आईकडे बघितलं. तिला आता कळलं होतं की गॅस चालू आहे. तिने डोळ्यांनीच मला जाळून टाकलं. पण उठून जाऊन पलटवणार कोण? जे नाहीच, ते पलटवायला कसं जायचं? आई उठली असती तर "कुठी चालल्या?" हा प्रश्न आला असता. बाबा उठले असते तर परत आलेच नसते. आत्याने तर चिवड्याची बशी पुढे करून विषय हवापाण्यावर नेला होता. आपण सगळे इथे बसू आणि मागे चार तंगड्या जळतील, पण नाहीच म्हणायचं ठरलं आहे तर नाहीच, असं एकंदर वातावरण होतं. एखाद्या मयताला बसावं तसे आम्ही बसलो होतो.

साखरपुड्याचं विचारायला बाबांनी घसा साफ केला. "तं मंग," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला फार दीनवाणा वाटला, "साक्षगंधाचं कसं करता? तुमच्या सोयीनं."

"आम्हाले तं पोरगी पसंत आहे," बाई म्हणाल्या. "यानं सांगावं."

मुलाने वर बघितलं, माझ्याकडे नाही, बोळाकडे. "हो," तो म्हणाला.

माझ्या जागी बसलेली ती मुलगी पसंत पडली होती. मावसबहीण खांबाला टेकून उभी राहते तेव्हा तिचा एक खांदा जरा वर उचललेला असतो, कोणी आलं तर पटकन वळता यावं म्हणून. मला एकदम तो खांदा दिसला. आणि त्याच वेळी वासात ती कडू छटा आली, अगदी थोडी, काळं पडायच्या आधी येते ती.

बाईंनी नाक वर केलं. त्यांनी डोळे मिटले, नीट श्वास घेतला, आणि कोणाला सांगायचं म्हणून नाही, स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाल्या, "पलटवले नाही वाटते त्याहीनं अजून. एका बाजूनं लागून राहिले."

आत्याच्या हातातला चिवडा खाली सांडला. हे ज्ञान माळ घालण्याच्या आधीचं असेल, असं मी मनात म्हटलं; संशयाचा फायदा सगळ्यांना द्यावा. पण बाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते आणि त्या गुंडावरचा कागद नखाने सारखा करत होत्या.

"म्हणजे, आलूचे काप असन," त्या म्हणाल्या. "आलूलेही असाच वास येते कधी कधी."

"येते ना जी," आई म्हणाली. "आलूले येतेच."

"आलू लवकर लागते," बाबा म्हणाले.

मुलगा माझ्याकडे बघत होता. आता माझ्याकडेच. माझ्या पिवळ्या नखांकडे, आणि मग माझ्या तोंडाकडे. तो हसला नाही, पण फोटोतल्यापेक्षा बरा दिसला. खोलीत बसलेल्या प्रत्येकाला आता माहीत होतं, की मागे काय आहे, कोणाचं आहे आणि त्याला नेमकं काय करायला हवं. आणि सगळे एकमेकांना आलूबद्दल समजावून सांगत होते. यांच्या भरवशावर सोडलं असतं तर त्यांनी मला तुमसरला पाठवलं असतं, मुलाला चिखल्याला आणि चारही तंगड्यांना कोळशाला, आणि संध्याकाळी एकमेकांना फोन करून सांगितलं असतं की मंडळी फार चांगली आहे.

मी उठले. आईला वाटलं मी चहा आणायला निघाले. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाली, "साखर कमी टाकजो बेटा."

माझं तोंड कोरडं पडलं होतं. बाकावर उभं केल्यावर पडायचं तसं. मी बाईंकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि नाकपुड्या अजून बोळाच्या दिशेला होत्या.

"काकू, वास शेजारचा नाही," मी म्हटलं. "लेग पीस आहेत. मी केलेत आणि मी खाते. पलटवून येते, तोवर बसा, जाऊ नका."